कव्हरच्या मागच्या बाजूला

बीटल्सची 'रिव्हॉल्व्हर' ही रेकॉर्ड ऑगस्ट १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये विक्रीला आली. क्लाउस फोरमननं काढलेलं तिच्या पुढच्या बाजूचं काळंपांढरं चित्र रॉकच्या रसिकांना पाठ असतं. मागची बाजू मात्र फार थोडे लोक वाचतात. तिथे गाण्यांच्या यादीत 'लव्ह यू टू' या जॉर्ज हॅरिसनच्या गाण्यापुढे एक नाव छापलं आहे, अनिल भागवत, आणि नावाशेजारी वाद्य, तबला. बीटल्सच्या रेकॉर्डवर बाहेरच्या वादकाचं नाव छापलं जाणं ही त्या काळी सोपी गोष्ट नव्हती. एप्रिल १९६६ मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओत भागवतांनी हा तबला वाजवला. त्यांना तिथवर नेणारी संस्था होती 'एशियन म्युझिक सर्कल'. अंगडी दांपत्यानं लंडनमध्ये चालवलेल्या या मंडळानं भारतीय वादक आणि विलायतेतला संगीतव्यवहार यांच्यात वर्षानुवर्षं दुवा जोडला.

मुळशी तालुक्यात, पिरंगुट ओलांडून घोटवडे फाट्याच्या अंगाला असलेल्या भरे गावात बसून जुन्या रॉक-जॅझच्या रेकॉर्डी का जमवायच्या, असं मला अनेकदा विचारलं जातं. हे संगीत तुमचं नाही, असं विचारणाऱ्याला म्हणायचं असतं. त्याला मी 'रिव्हॉल्व्हर' उलटी करून दाखवतो. जुन्या तबकड्यांचा छंद म्हणजे माझ्या लेखी मागची बाजू वाचण्याचा छंद आहे. ती वाचू लागलं की आपली माणसं भेटत जातात, अगदी जिथे अपेक्षाही नसते तिथे.

त्यातलं सर्वांत लांबवर पसरलेलं नाव केशव साठे यांचं. साठे मुंबईहून लंडनला गेलेले तबलावादक. मूळचा जमैकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरियट आणि कोलकात्यात जन्मलेला संगीतकार जॉन मेयर यांनी १९६६ मध्ये 'इंडो-जॅझ स्वीट' नावाची रेकॉर्ड काढली. पाच जण जॅझचे आणि पाच जण मेयरच्या बाजूचे, अशी तिची रचना. मेयरच्या बाजूला सतारीवर दिवाण मोटीहार, तानपुऱ्यावर चंद्रहास पैगणकर आणि तबल्यावर केशव साठे. मेयरनं राग आणि ताल लिहून काढले आणि हॅरियटनं त्यावर आपली उपज केली. दोन्ही बाजू एकमेकींत विरघळून जात नाहीत. त्या शेजारी शेजारी चालतात आणि मधूनच एकमेकींचा हात धरतात. मला हीच या रेकॉर्डची खरी गोडी वाटते.

दुसऱ्याच वर्षी, १९६७ मध्ये, साठे जर्मनीतल्या साबा कंपनीच्या 'जॅझ मीट्स इंडिया' या रेकॉर्डवर दिसतात. निर्माता योआखिम-अर्न्स्ट बेरेंट, पियानोवर स्विस वादक इरेन श्वायझर, ट्रम्पेटवर मानफ्रेड शोफ, सॅक्सोफोनवर फ्रेंच वादक बार्नी विलेन. बास वाजवणारा ऊली ट्रेप्टे आणि ड्रम्स वाजवणारा मानी नॉयमायर या दोघांनी पुढच्याच वर्षी 'गुरू गुरू' हा जर्मन रॉक बँड काढला. या रेकॉर्डवर तबल्याला उत्तर देणारे ड्रम्स ऐकले की जॅझमधून रॉककडे जाणारी वाट कुठून निघाली असेल याची कल्पना येते. मग १९७२ मध्ये लंडनच्या 'मॅजिक कार्पेट' या रॉक-लोकसंगीत चौकडीत पुन्हा साठे, सोबत क्लेम आल्फर्डची सतार आणि अलिशा सुफिटचा आवाज. 'मश्रूम' नावाच्या छोट्या कंपनीनं काढलेली ती रेकॉर्ड मूळ छपाईत आज फार दुर्मीळ आहे. नंतर १९७७ मध्ये जॉन रेनबोर्नच्या गटाच्या 'अ मेड इन बेडलम'वर जुन्या इंग्रजी लोकगीतांच्या खाली तोच तबला. आधुनिक जॅझ, जर्मन प्रयोग, सायकेडेलिक रॉक, इंग्लंडचं लोकसंगीत, अशा चार वेगळ्या जगांतून एक मराठी नाव दशकभर फिरत राहिलं. महाराष्ट्रात ते किती जणांना ठाऊक आहे? मला हे नाव कुठल्या पुस्तकात सापडलं नाही, कव्हरच्या मागे सापडलं.

आपल्याकडच्या रेकॉर्डींनी मात्र वादकांची नावं राखली नाहीत. सिनेसंगीताच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर गायक, संगीतकार आणि चित्रपट एवढंच छापायची रीत होती, आणि कधी तेवढंही नाही. 'महल'च्या १९४९ मधल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर लता मंगेशकरांऐवजी 'कामिनी' असं पात्राचं नाव छापलं होतं. जिथे गायिकेची ही अवस्था, तिथे ट्रम्पेटवाल्याची काय कथा! म्हणून मुंबईच्या जॅझचा इतिहास रेकॉर्डींतून शोधताना कान जास्त वापरावे लागतात.

तो इतिहास आहे मात्र भरगच्च. लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक १९३५ मध्ये आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या पाठोपाठ क्रिकेट स्मिथनं तिथे बँड चालवला, आणि १९३६ मध्ये त्याच्या 'सिम्फोनियन्स'नी 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' ही धून तबकडीवर नोंदवली. नरेश फर्नांडिस यांच्या मुंबईच्या जॅझवरच्या पुस्तकाचं नाव याच धुनेवरून आलं. हे अमेरिकन परतले, पण त्यांच्याकडून शिकलेले गोव्याचे वादक मुंबईतच राहिले. गावातल्या चर्चच्या संगीतशाळेत लहानपणीच नोटेशन वाचायला शिकलेली ही पोरं होती. स्वरलेखन बघून पहिल्याच बैठकीत वाजवणारा माणूस मुंबईच्या फिल्म स्टुडिओंना हवाच होता.

त्यांतला सर्वांत झळाळता माणूस म्हणजे चिक चॉकलेट. खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, गाव बार्देशातलं हळदोणं. लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. ताजमध्ये त्याचा बँड वाजे, 'चिक अँड हिज म्युझिक मेकर्स' या नावानं त्याच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्याही निघाल्या. त्याची गाठ पडली पुणतांब्यात जन्मलेल्या रामचंद्र नरहर चितळकरांशी, म्हणजे सी. रामचंद्रांशी. या दोघांच्या मैत्रीतून हिंदी सिनेमात एक नवा ठेका आला. 'अलबेला' १९५१ चा. त्यात भगवान दादा नाचताना मागे जो बँड दिसतो तो चिकचाच आहे. आज 'अलबेला'ची जुनी तबकडी हाती आली आणि सुई टेकवली की पुणतांब्याच्या माणसाची चाल आणि हळदोण्याच्या माणसाचं ट्रम्पेट एकाच खोबणीतून निघतात. जॅझ परका असता तर भगवान दादांचं पाऊल असं पडलंच नसतं. चिक १९६७ मध्ये गेला, वयाच्या एकावन्नाव्या वर्षाच्या आसपास.

आता तबकडीकडे वळू, कारण तिच्या घडणीनं संगीत घडवलं आहे. ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी लाखेची. पळस, कुसुम, बोर या झाडांवरच्या किड्यांनी तयार केलेली लाख, त्यात दगडाची भुकटी, काजळी आणि कापसाचे तंतू. जगाला लाख पुरवणारा मुख्य देश आपलाच होता. दगडाची भुकटी मुद्दाम घालत, म्हणजे पोलादी पिन पहिल्या काही फेऱ्यांत घासली जाऊन खोबणीच्या आकाराची होई. म्हणून तर दर बाजूला पिन बदलायची. अशा दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. न्यू यॉर्कच्या वादकाला आपली उपज तेवढ्यात आटपावी लागे, आणि मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांना आपला राग. दोघांचीही जुनी ध्वनिमुद्रणं ऐकताना एक गोष्ट जाणवते. वेळ नाही म्हणून त्यांनी घाई केलेली नाही, त्यांनी गाळणी लावली आहे. पहिला सूर लागतो तोच थेट मुद्द्याचा.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला लाख मिळणं अवघड झालं. १९४२ मध्ये तिथल्या सरकारनं रेकॉर्डींसाठी लागणाऱ्या लाखेवर कडक कपात लादली. सैनिकांसाठी काढलेल्या 'व्ही-डिस्क' तबकड्यांत मग व्हिनाइल हे प्लास्टिक वापरलं गेलं. ते तुटत नव्हतं आणि लाखेपेक्षा गुळगुळीत होतं, त्यामुळे खरखर कमी. जून १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीनं बारा इंची, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची बारीक खोबणीची एलपी बाजारात आणली. बाजू आता वीस-बावीस मिनिटांची झाली. जॅझवाल्यांना मोकळं मैदान मिळालं, आणि आपल्या संगीतालाही. १९५५ मध्ये अली अकबर खाँसाहेबांची अमेरिकेत निघालेली एलपी ही भारतीय रागसंगीताची पहिली दीर्घ रेकॉर्ड मानली जाते. रॉकनं पुढे या वीस मिनिटांचा वेगळाच उपयोग केला. गाणी कुठल्या क्रमानं लावायची, बाजू कुठे संपवायची, उलटून पहिलं गाणं कुठलं, हे सगळं रचनेचा भाग झालं. म्हणूनच १९६५ ते १९७५ मधली रॉकची रेकॉर्ड मधलीच दोन गाणी निवडून ऐकली तर अर्धी निसटते.

खोबणीची लांबी काढून बघा. बावीस मिनिटांत तबकडी सुमारे ७३३ फेऱ्या घेते. फेरीचा सरासरी घेर पासष्ट सेंटिमीटरच्या आसपास धरला तर एका बाजूवर जवळजवळ अर्धा किलोमीटर लांबीची एकच सलग खोबण भरते. ती इंग्रजी व्ही अक्षरासारखी असते. १९५८ च्या सुमारास स्टीरिओ रूढ झाल्यापासून या व्हीच्या आतल्या भिंतीवर डावीकडचा आवाज आणि बाहेरच्या भिंतीवर उजवीकडचा आवाज कोरला जातो. सुईचं हिऱ्याचं टोक दोन्ही भिंतींना एकाच वेळी शिवत जातं. तबकडीच्या कडेला खोबण टोकाखालून सेकंदाला सुमारे पन्नास सेंटिमीटर वेगानं सरकते, मध्याजवळ येईपर्यंत तो वेग वीसेक सेंटिमीटरवर येतो. फेऱ्या तेवढ्याच, घेर मात्र आटलेला. तेवढाच आवाज कमी लांबीत कोरावा लागतो, म्हणून बाजूच्या शेवटच्या गाण्यात वरचे सूर किंचित फाटतात. अनुभवी निर्माते संथ, हळवं गाणं बाजूच्या शेवटी ठेवत, त्यामागचं एक कारण हेही आहे.

आपल्याकडे या तबकड्या छापल्या जात त्या बंगालमध्ये. ग्रामोफोन कंपनीनं १९०८ मध्ये सियालदहला कारखाना काढला आणि १९२८ च्या सुमारास तो डमडमला गेला. बीटल्स असो वा पिंक फ्लॉइड, भारतात त्यांची रेकॉर्ड विकायची तर विलायतेहून धातूचे साचे येत आणि डमडमला व्हिनाइल दाबलं जाई. म्हणून भारतीय प्रतीच्या मध्यभागाजवळ, जिथे गाणं संपून गुळगुळीत पट्टा उरतो, तिथे इंग्लंडच्याच साच्याचा क्रमांक कोरलेला सापडतो. तबकडी उजेडात तिरकी धरून हे आकडे वाचायला शिकलं पाहिजे. लेबल आणि कव्हर नंतर बदलता येतं, हा कोरीव क्रमांक बदलत नाही. कुठल्या साच्यातून, कितव्या वेळी कापलेल्या मूळ प्रतीतून ही तबकडी निघाली हे तोच सांगतो. त्या काळी परकीय चलनावर बंधनं असल्यानं परदेशी बनावटीची रेकॉर्ड सहज मिळत नसे. जहाजावरचा मामा किंवा लंडनची मावशी हाच पुरवठा. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या रॉकवेड्या पिढीचा कान मुख्यतः डमडमच्या छपाईवर तयार झाला. परदेशातले संग्राहक आज त्याच भारतीय प्रती आवर्जून शोधतात.

या काळात इथेही रॉक आणि जॅझच्या काही अस्सल रेकॉर्डी निघाल्या. माझ्या मते त्यांत पहिला मान १९६८ च्या 'राग-जॅझ स्टाइल'चा. संगीतकार शंकर-जयकिशन, सतारीवर रईस खाँ, आणि तोडी, भैरव, मालकंसपासून भैरवीपर्यंत अकरा राग. सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, पियानोवर लुसिला पाशेको, ड्रम्सवर लेस्ली गोदिन्हो, गिटारवर दिलीप नाईक आणि अनिबल कास्त्रो. सिनेमाच्या गाण्यांत निनावी वाजवणारी ही मंडळी इथे आपापल्या आवाजात बोलतात. प्रत्येक तुकडा सिनेमाच्या गाण्याएवढाच छोटा आहे, ही तिची मर्यादा. उपज बहरायला लागते तोवर तुकडा संपतो. १९७० मध्ये ब्राझ गोन्साल्विस या गोव्याच्या सॅक्सोफोनवादकानं 'राग रॉक' काढली. 'सिमला' सिगारेटच्या नावानं भरणाऱ्या बँडस्पर्धेतून १९७० आणि १९७१ अशा दोन एलपी निघाल्या, त्यांत मुंबईपासून शिलाँगपर्यंतची कॉलेजची पोरं आपापल्या गिटारी घेऊन ऐकू येतात. वादन कच्चं आहे, हुरूप अस्सल आहे.

आणि एक रेकॉर्ड तर मुंबईच्या फोर्टातच जन्मली. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन 'वंडरवॉल' या चित्रपटाच्या संगीतासाठी सर फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत आला. संतूरवर शिवकुमार शर्मा, तारशहनाईवर विनायक व्होरा, सरोदवर आशिष खाँ अशी मंडळी जमली. खाली कचेऱ्या, भिंतींना आवाज अडवण्याची सोय नाही. हॅरिसननं पुढे सांगितलं आहे की साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरच्या पावलांचा आवाज येई आणि ध्वनिमुद्रण थांबवावं लागे, आणि नीट ऐकलं तर रस्त्यावरच्या टॅक्सीही ऐकू येतात. नोव्हेंबर १९६८ मध्ये निघालेली 'वंडरवॉल म्युझिक' ही बीटल्सच्या ॲपल कंपनीची पहिली एलपी, आणि बीटल्सपैकी एकानं स्वतंत्रपणे काढलेलीही पहिलीच. त्याच बैठकांत 'द इनर लाइट'चं वादनही नोंदवलं गेलं, ते मार्चमध्ये 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला आलं. म्हणजे इथेही मागची बाजूच.

खरेदीचं बोलायचं तर पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मुंबईत चोर बाजार आहे. काळा घोड्याचं 'ऱ्हिदम हाउस' २०१६ मध्ये बंद झालं, त्याची उणीव अजून भरलेली नाही. बाजारात कव्हर बघून हरखून जाऊ नये. तबकडी बाहेर काढावी, कडेला आणि मध्यभागी धरावी, खिडकीच्या उजेडात तिरकी करावी. केसासारखे वरवरचे चरे फारसे ऐकू येत नाहीत, नखाला लागणारा चरा मात्र दर फेरीला टक टक करतो. तबकडी डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरली की वाक दिसतो. मधल्या भोकाभोवती लेबलवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा असतील तर ती अनेकदा, अंधारात चाचपडत लावली गेली आहे असं समजावं. काळा चकाकता रंग जाऊन खोबणी राखाडी दिसत असतील तर ती सोडून द्यावी. एकेकाळी घरोघरी असलेल्या 'फिएस्टा'सारख्या सुटसुटीत प्लेअरची सुई पाच-सहा ग्रॅम वजनानं दाबत असे, आजची चांगली सुई दीड-दोन ग्रॅमवर चालते. त्या ओझ्याखाली झिजलेली भिंत कुठल्याही धुण्यानं परत येत नाही.

धुण्याचा प्रश्न मुळशीत टाळताच येत नाही. ताम्हिणी घाटाइतका पाऊस भऱ्यात पडत नाही, तरी जून ते सप्टेंबर आठवडेच्या आठवडे ऊन नसतं आणि घरात मिठाला पाणी सुटतं. व्हिनाइल स्वतः सहसा बुरशीचं खाद्य होत नाही. बुरशी जगते ती धुळीवर, बोटांच्या तेलकटपणावर आणि कागदी पिशवीच्या खळीवर. म्हणून जुनी रेकॉर्ड घरात आली की पहिली गोष्ट म्हणजे आतली कागदी पिशवी काढून टाकावी, पण त्यावर काही छापलेलं असेल तर वाळवून वेगळी जपून ठेवावी. तबकडी डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचे एक-दोन थेंब घालून मऊ ब्रशनं खोबणीच्या दिशेनं, गोल फिरवत धुवावी. लेबल ओलं होऊ देऊ नये. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं खळखळून उभी ठेवून वाळवावी. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खोबणीतच बसतात. चिवट बुरशीसाठी पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालतात, पण ते फक्त व्हिनाइलला. लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीला स्पिरिट लागलं की लाखच विरघळते आणि गाणं कायमचं जातं. आजोबांच्या तबकड्या उत्साहानं पुसायला घेणाऱ्या प्रत्येकानं हे आधी माहीत करून घ्यावं.

नव्या आतल्या पिशव्या पॉलिथिनच्या घ्याव्यात. चकचकीत, जाड पीव्हीसीच्या पिशवीतली मऊ करणारी रसायनं तबकडीवर धुरकट डाग पाडतात. रेकॉर्डी उभ्याच ठेवायच्या, एकावर एक रचायच्या नाहीत, आणि कपाट पावसाच्या मारातल्या पश्चिमेच्या भिंतीला टेकवायचं नाही. शंभर एलपींचं वजन कव्हरांसकट वीस-पंचवीस किलो होतं, म्हणून फळी जाड हवी. सिलिका जेल ठेवलं तर ते दर काही दिवसांनी तापवून कोरडं करावं लागतं. उन्हाळ्यातली काळजी निराळी. बंद गाडीत, काचेमागे ठेवलेली तबकडी मे महिन्यात एका दुपारीत वाकते.

यंत्राबद्दल दोनच गोष्टी सांगतो, कारण त्यांवरच लोक सर्वांत जास्त फसतात. एलपी कोरताना खर्ज मुद्दाम कमी करतात आणि वरचे सूर वाढवतात, नाही तर खर्जाच्या रुंद वळणांना जागा पुरणार नाही. वाजवताना हा फरक उलटा करावा लागतो. ते काम ॲम्प्लिफायरच्या 'फोनो' जोडणीत होतं. टर्नटेबल दुसऱ्या कुठल्या जोडणीत खोचलं तर आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतो, आणि माणूस रेकॉर्डला दोष देतो. दुसरी गोष्ट अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेल्या जुन्या टर्नटेबलची. तिथली वीज साठ हर्ट्झची, आपली पन्नासची. विजेच्या हेलकाव्यावर फिरणारी जुनी मोटर आपल्याकडे सहाऐवजी पाचच फेऱ्या घेते. व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर लावला तरी हे सुधारत नाही. सूर तीन पट्ट्या उतरतो. काळी चारमधलं गाणं पांढरी चारमध्ये ऐकू येतं. मोटरची पुली बदलून घेतली की प्रश्न मिटतो.

मराठी मुलखाला तबकड्या जमवण्याचं वेड नवं नाही. 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था १९९० मध्ये मुंबईत सुरू झाली, आणि तिच्या शाखा पुण्याबरोबरच सोलापूर, नांदेड, तुळजापूर, अमरावती अशा गावांत निघाल्या. तिच्या 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकानं तबकड्यांचे क्रमांक, तारखा, गायकांची माहिती चिकाटीनं नोंदवली. हे काम मुख्यतः ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचं, नाट्यसंगीत आणि रागसंगीत जपणारं. आपल्या मातीतल्या रॉक-जॅझ वादकांसाठी तसं काम अजून व्हायचं आहे. कोण कुठल्या एलपीवर वाजवत होतं, कोणाचं नाव छापलं, कोणाचं गाळलं, याची यादी एका माणसाकडून होणार नाही. दादर, गिरगाव, पुण्याचा कॅम्प, मडगाव इथल्या माळ्यांवर अजून असंख्य एलपी पडून असतील. त्या रद्दीत जाण्यापूर्वी निदान मागच्या बाजूचा स्वच्छ फोटो काढून ठेवावा. त्यात वादकांची नावं, ध्वनिमुद्रणाची जागा आणि मध्यभागाजवळचा कोरीव क्रमांक वाचता आला पाहिजे. सुरुवात कुठून करायची असा प्रश्न असेल तर मी 'इंडो-जॅझ स्वीट' सुचवेन, तिची नवी छपाईही निघालेली आहे. पहिली बाजू एकदा तबल्याकडे लक्ष ठेवून ऐका, मग हॅरियटच्या सॅक्सोफोनकडे.